दिसण्याचं दशक

वर्ध्यातल्या एका कॉलेजनं या उन्हाळ्यात मानसशास्त्राची प्रयोगशाळा मोकळी केली. टॅचिस्टोस्कोप, मेमरी ड्रम, आरशात बघून चांदणी गिरवायचं लाकडी खोकं, सगळं भंगारात गेलं. त्या खोलीत आता स्पर्धा परीक्षांचे वर्ग भरतात. तिथे शिकवलं असल्यानं मला ते टोचलं. पण खरं सांगू का, ती प्रयोगशाळा त्याच्या कितीतरी आधी मेली होती, आणि तीही तिच्या विषयाला जगभर बहर आलेला असताना.

त्या बहराआधीच्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. म्युलर-लायरचा बाणांच्या रेषांचा भ्रम 1889 सालचा. शतक संपत आलं तरी आम्ही त्यातली चूक मिलिमीटरमध्ये मोजत होतो. सरासरी काढा, जर्नल भरा, एक्स्टर्नलला चहा पाजा. 1980 मध्ये अ‍ॅन ट्रीझमन आणि गॅरी गेलाड यांनी मांडलं होतं की रंग आणि आकार मेंदू वेगवेगळे टिपतो, ते एका वस्तूत जोडायला लक्ष लागतं. हिरव्या 'क'च्या गर्दीत एक लाल 'क' चटकन उठून दिसतो. भोवती हिरवे 'क' आणि लाल 'म' दोन्ही पसरले, की तोच लाल 'क' एकेक अक्षर तपासत शोधावा लागतो. कार्डशीट, दोन स्केचपेन आणि स्टॉपवॉच एवढ्यावर होणारा प्रयोग. एका बैठकीत तो अभ्यासक्रमासाठी सुचवला, तर प्रश्न आला, "पण यात उपकरण कोणतं लिहायचं?"

1997 नंतरचं दशक मात्र मी सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून अधाशासारखं वाचलं. रोनाल्ड रेन्सिंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकाच दृश्याची दोन चित्रं मध्ये क्षणभर कोरा पडदा टाकून आलटून पालटून दाखवली. त्यांतला भलाथोरला बदलही लोकांना बराच वेळ सापडेना. 1998 मध्ये डॅनियल सायमन्स आणि डॅनियल लेव्हिन यांचा प्रयोग आला. रस्त्यात पत्ता विचारणाऱ्या माणसाच्या आणि सांगणाऱ्याच्या मधून दोघं दार घेऊन गेले, दाराआड विचारणारा बदलला, आणि निम्म्या लोकांना पत्ताच नाही! पुढच्याच वर्षी सायमन्स आणि ख्रिस्तोफर शाब्री यांचा गोरिला. पांढऱ्या शर्टवाल्यांनी टाकलेले चेंडू मोजण्यात गुंतलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना, मधोमध येऊन छाती बडवून गेलेला गोरिला दिसलाच नाही. आमच्याकडे हे ऐकून लोक हसले. 'गंमत आहे' म्हणाले आणि पुन्हा बाणांकडे वळले.

त्याच सुमारास एमआयटीतले पवन सिन्हा आपल्याच देशात काम करत होते. उत्तर भारतातल्या खेड्यांतली, जन्मजात मोतीबिंदूमुळे आंधळी राहिलेली मुलं शोधायची, त्यांची शस्त्रक्रिया करवायची आणि ती बघायला कशी शिकतात ते पाहायचं. या उपक्रमाचं नाव प्रकल्प प्रकाश. ह्यूबेल आणि वीझल यांच्या मांजरीच्या पिलांवरच्या प्रयोगांनंतर, कोवळं वय उलटलं की दृष्टी येत नाही असा समज घट्ट झाला होता. सिन्हांच्या मुलांनी त्याला तडा दिला. एकमेकांवर चढलेले चौकोन-वर्तुळ त्यांना आधी तुकड्यातुकड्यांतच दिसत. आकृती हलली की मात्र ती अख्खी कळे. हाताला ओळखीची वस्तू नुसत्या नजरेनं ओळखता येईल का, हे मॉलिनो यांनी 1688 मध्ये तत्त्वज्ञ लॉकला विचारलं होतं. त्याचं उत्तर 2011 मध्ये 8 ते 17 वयाच्या पाच मुलांनी दिलं: लगेच नाही, पण काही दिवसांत येतं.

सेवाग्रामचं मेडिकल कॉलेज 1969 पासून आमच्या दाराशी आहे. मोतीबिंदूचे रुग्ण तिथे, बघण्याचं शास्त्र शिकवणारे इथे. मधलं सात-आठ किलोमीटरचं अंतर आमच्या विभागाला कधी ओलांडावंसं वाटलं नाही.

आता पालकसभेत सगळ्यांची एकच तक्रार, पोरांचं लक्ष नाही. लक्ष म्हणजे काय, हे सांगणारा विषय मात्र कुणाला नको, कारण त्याला 'स्कोप' नाही. डेव्हिड स्ट्रेयर आणि विल्यम जॉन्स्टन यांनी 2001 मध्येच दाखवलं होतं की फोनवर बोलत गाडी चालवणाऱ्याकडून सिग्नल सुटण्याचं प्रमाण दुप्पट होतं, मग फोन हातात असो की नसो. परवा बजाज चौकात आमचाच एक माजी विद्यार्थी मोटारसायकल दामटत निघाला होता, तोंडानं अखंड बोलणं चालू. हटकलं, तर कानातलं बोंडूक दाखवत म्हणाला, "सर, दोन्ही हात हँडलवरच आहेत ना!"