सीताफळाचा सोबती

बीड जिल्ह्यात बालाघाटच्या माळावर पिकणाऱ्या सीताफळास २०१६ साली भौगोलिक मानांकन लाभले. या फळाची धारणा बव्हंशी एका इवल्याशा भुंगेऱ्यावर अवलंबून असते.

सीताफळाच्या फुलातील स्त्रीकेसर आधी पक्व होतात, पराग मागाहून सुटतात. त्यामुळे पराग दुसऱ्या फुलातूनच यावे लागतात. जाड पाकळ्यांच्या आत भुंगेऱ्यास आसरा व खाद्य मिळते. मोबदल्यात तो अंगास चिकटलेले पराग पुढील फुलात नेतो. फळाचा प्रत्येक डोळा स्वतंत्र स्त्रीकेसरापासून बनतो. पराग अपुरे पडल्यास फूल गळते किंवा फळ वेडेवाकडे होते.

यास्तव शेतकरी बंधूंनी बाग फुलोऱ्यात असताना कीटकनाशक फवारू नये. भुंगेरे विरळ दिसल्यास मऊ कुंचल्याने पराग द्यावेत. या सोबत्याचे रक्षण म्हणजे पिकाचेच रक्षण होय.