पानाच्या कुशीतले फूल : अँथुरियम

वाढदिवसाला भेट आलेली अँथुरियमची कुंडी दिवाणखान्यात ठेवली, की घराची कळाच बदलते. हिरव्यागार हृदयाकृती पानांवर डोलणारे ते तकतकीत लाल फूल पाहून पाहुणा हमखास विचारतो, "प्लॅस्टिकचे का हो?" हात लावल्यावरच त्याची खात्री पटते. मात्र काही महिन्यांनी तोच पाहुणा पुन्हा येतो, तेव्हा कुंडीत पिवळी पडलेली दोन पाने तेवढी उरलेली असतात. हे झाड दुर्लक्षामुळे क्वचितच मरते. बहुतेक वेळा ते मायेने रोज दोनदा घातलेल्या पाण्यामुळे मरते.

अळूचा परदेशी भाऊबंद

ज्याला आपण फूल म्हणतो तो लाल भाग वस्तुतः रंग धारण केलेले एक पान आहे. वनस्पतिशास्त्रात त्याला महाछद म्हणतात. खरी फुले मधल्या कणसावर दाटीवाटीने बसलेली असतात आणि ती इतकी बारीक असतात, की सहज नजरेत भरत नाहीत. ग्रीक भाषेत 'अँथॉस' म्हणजे फूल आणि 'ऊरा' म्हणजे शेपूट; या कणसावरूनच झाडाला हे नाव मिळाले. आपल्या परसातील अळू आणि सुरण याच कुळातले. अळूप्रमाणे अँथुरियममध्येही कॅल्शियम ऑक्झलेटचे टोकदार स्फटिक असतात. ते तोंडात गेल्यास दाह होतो, म्हणून कुंडी लहान मुले व पाळीव प्राणी यांच्यापासून दूर ठेवावी.

फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ एदुआर आंद्रे यांना १८७६ मध्ये कोलंबियाच्या दमट जंगलात ही जाती आढळली. त्यांच्या सन्मानार्थ तिला 'अँथुरियम आंद्रेॲनम' असे नाव देण्यात आले. १८८९ मध्ये ती लंडनहून हवाई बेटांवर पोहोचली आणि तेथे तिचा मोठा व्यवसाय उभा राहिला. भारतात केरळ, कर्नाटकातील कोडगू आणि ईशान्येकडील राज्यांत तिची लागवड होते. मिझोरममध्ये अनेक महिलांनी या फुलशेतीतून उत्पन्नाचे साधन मिळवले आहे. तेथे ऐझॉलजवळच्या रेइएक येथे अँथुरियमच्या नावाने उत्सवही भरत आला आहे.

मुळांना हवा हवी

मूळच्या जंगलात या झाडाची मुळे झाडांच्या खोडांवर, शेवाळात आणि कुजक्या पाल्यात पसरतात. पाऊस भरपूर पडतो, पण पाणी मुळांशी साचत नाही. कुंडीतल्या चिकट मातीत नेमके उलटे घडते व मुळे कुजतात. म्हणून नारळाच्या सोडणाचे तुकडे, लोणारी कोळसा, विटांचे बारीक तुकडे आणि थोडे पानांचे कुजलेले खत असे भुसभुशीत मिश्रण वापरावे. वरचा थर सुकू लागला, की मगच पाणी द्यावे आणि कुंडीखालच्या बशीत साचलेले पाणी ओतून टाकावे. क्षारयुक्त पाणी या झाडाला सोसत नाही. साठवलेले पावसाचे पाणी उत्तम.

ऊन थेट पडू देऊ नये. साधारण ७५ टक्के सावली देणारी शेडनेट किंवा पूर्वेच्या खिडकीतील गाळीव प्रकाश पुरेसा होतो. १८ ते २८ अंश सेल्सिअस तापमान आणि दमट हवा त्याला मानवते. म्हणूनच कोकण व गोव्यात ते सुखाने वाढते. विदर्भाच्या उन्हाळ्यात पानांच्या कडा करपतात, तर उत्तर भारतातील कडाक्याच्या थंडीत वाढ खुंटते. अशा वेळी कुंडी घरात घ्यावी आणि पाण्याने भरलेल्या, खडे पसरलेल्या ताटलीवर अशा बेताने ठेवावी, की तिचा तळ पाण्याला टेकणार नाही. पातळ केलेले खत दर पंधरवड्याला थोडेथोडे द्यावे.

पान हेच मुद्दल

अँथुरियमचा एक नियम ध्यानात ठेवावा : प्रत्येक नव्या पानाच्या बगलेतून एकच फूल येते. पान कमकुवत, तर फूल लहान. पान आलेच नाही, तर फूलही नाही. पान हे मुद्दल आणि फूल हे त्यावरचे व्याज, असे म्हटले तर बँकेच्या ग्राहकाला वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

हे मुद्दल कसे बुडते, याचा अनुभव हवाईच्या शेतकऱ्यांनी १९८० च्या दशकात घेतला. जिवाणूजन्य करप्याची साथ मळ्यांत पसरली आणि अनेक लहान उत्पादकांना हा व्यवसाय सोडावा लागला. हे जिवाणू पानांच्या कडांवरील सूक्ष्म छिद्रांतून शिरतात, तसेच कापणीच्या सुरीवरूनही एका झाडाकडून दुसऱ्याकडे जातात. म्हणून संध्याकाळी पाने भिजवू नयेत, डागाळलेले पान तत्काळ काढावे आणि प्रत्येक झाडानंतर सुरी निर्जंतुक करावी.

कणसाचा बहुतांश भाग रंग बदलून खरखरीत झाला, की फूल कापावे. पाण्यात ते दोन ते तीन आठवडे टिकते. दोन-तीन वर्षांनी कुंडी बदलताना बुंध्याशी आलेली पिल्ले मुळांसह वेगळी करावीत. एखादे पिल्लू शेजाऱ्यांनाही द्यावे. मात्र सोबत एक सूचना अवश्य द्यावी : फुलाची वाट पाहू नका, पानाकडे लक्ष ठेवा. फूल आपोआप येईल.