गांज्याचे देशी वाण : काही समज आणि वस्तुस्थिती

"सटायवानं तरतरी येते, इंडिकानं सुस्ती." परदेशी दुकानांतल्या पाट्यांवरचं हे वाक्य समाजमाध्यमांतून आता आपल्याकडेही पोचलं आहे. त्याच्या मागोमाग "शुद्ध देशी सटायवा वाचवा" अशी हाकही ऐकू येते. हाक रास्त आहे. केरळच्या इडुक्कीपासून मोरोक्कोच्या रिफ डोंगरांपर्यंत या झाडाचे जुने वाण खरोखरच संपत चालले आहेत. पण वाचवायचं काय याबद्दलच इतका घोळ आहे, की वाचवण्याच्या नादात उरलंसुरलंही हातचं जाईल.

आधी नावांचा घोळ. लिनियसनं १७५३ साली कॅनाबिस सटायवा हे नाव दिलं ते युरोपात धाग्यासाठी पिकवल्या जाणाऱ्या झाडाला. १७८५ साली लामार्कनं भारतातून आलेल्या नमुन्यांवरून कॅनाबिस इंडिका ही वेगळी जात मांडली. आज बाजार ज्याला 'सटायवा' म्हणतो ते उंच, अरुंद पर्णिकांचं, सावकाश फुलणारं उष्ण प्रदेशातलं झाड, म्हणजे केरळ, थायलंड, कोलंबियाकडचा गांजा. लामार्कनं इंडिका म्हटलं ते याच दक्षिण आशियाई झाडाला! बाजारातली 'इंडिका' मात्र अफगाणिस्तानाकडची, बुटकी, रुंद पर्णिकांची. ती पाश्चात्त्य अभ्यासकांच्या नजरेत ठसठशीतपणे भरली १९७०च्या दशकात, आणि तिथून नावांची अदलाबदल रुळली. थोडक्यात, 'शुद्ध सटायवा' म्हणून जे जपायला लोक निघतात, ते बरंचसं वनस्पतिशास्त्राच्या हिशेबानं इंडिकाच आहे.

पाकिटावरच्या नावावरही विसंबता येत नाही. २०१५ साली कॅनडातल्या संशोधकांनी गांज्याच्या ८१ आणि धाग्याच्या भांगेच्या ४३ नमुन्यांची जनुकीय तपासणी केली. त्यात 'जमैकन लॅम्ब्ज ब्रेड' हा शंभर टक्के सटायवा म्हणवला जाणारा नमुना अफगाणिस्तानातल्या शंभर टक्के 'इंडिका' म्हणवणाऱ्या नमुन्याशी जवळजवळ तंतोतंत जुळला. जमैकाचं उदाहरण तर फारच बोलकं आहे. त्या बेटावर गांजा रुजला तो १८४५ पासून तिथं नेलेल्या भारतीय गिरमिटिया मजुरांमुळे. 'गांजा' हा शब्दही त्यांच्याबरोबरच गेला. तिथल्या जुन्या वाणाचं मूळ शोधायचं तर आपल्याच शेतांकडे यावं लागतं.

दुसरा समज असा, की देशी वाण म्हणजे रानटी झाड, माणसाचा हात न लागलेलं. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. २०२१ मध्ये जगभरच्या ११० जनुकसंचांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यानुसार हे झाड सुमारे १२ हजार वर्षांपूर्वी पूर्व आशियात माणसाळलं, आणि त्याचा खरा रानटी पूर्वज बहुधा नामशेष झाला आहे. आज हिमालयाच्या उतारांवर आपोआप उगवणारी भांगसुद्धा कधीकाळी शेतातून निसटलेल्या झाडांची वंशज असावी. देशी वाण घडतो तो एका जागी, तिथल्या पावसात, तिथल्या माणसांनी पिढ्यान् पिढ्या बी निवडून. माणूस वजा केला तर वाण उरत नाही.

आणि त्या माणसांचं कसब थोडंथोडकं नव्हतं. बिनबियांचा गांजा ही कॅलिफोर्नियाची देणगी, असं आजही सर्रास छापलं जातं. पण १८९३-९४ च्या इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशनचा अहवाल आणि त्याआधीचा डेव्हिड प्रेन यांचा १८९३ चा अहवाल उघडून पाहावा. बंगालमधल्या नवगाव भागात 'पोद्दार' नावाचे जाणकार फुलोऱ्याआधी शेतातून फिरत, नर झाडं ओळखून ती उपटवत, म्हणजे मादीच्या फुलात बी धरत नसे. एक झाड चुकलं तर आसपासचं पीक बियाळ होई, म्हणून त्या नजरेला मोल होतं. मध्य प्रांतात खांडवा आणि मुंबई इलाख्यात अहमदनगर, म्हणजे आजचा अहिल्यानगर जिल्हा, इथंही सरकारी देखरेखीखाली गांजा पिके. याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात राहीबाई पोपेरे यांनी भाज्या-धान्यांचे गावठी वाण घरच्या बियाणे बँकेत जपले. गांज्याच्या वाणांना असं कुणी भेटलं नाही, हे समजण्यासारखं असलं तरी नुकसानच आहे.

'शुद्ध' या शब्दानं सर्वांत जास्त दिशाभूल होते. शुद्ध म्हणजे एकसारखं, असं आपण धरून चालतो. एकसारखेपणा मात्र व्यापारी संकरित वाणांत असतो. कारण एका निवडक मादीच्या फांद्या लावून हजारो जुळी झाडं करता येतात. देशी वाणाचं शेत आतून भरपूर वेगळं असतं: कुणी आठवडाभर आधी फुलतं, कुणी बुरशीला दाद देत नाही, कुणाचा वास निराळा. या झाडात नर आणि मादी बहुधा वेगळे, परागकण वाऱ्यावर कैक किलोमीटर जाणारे. दर पिढीत गुणांची सरमिसळ ठरलेलीच. हा वेगळेपणा हीच त्याची दौलत आहे. नवा रोग आला, पाऊस हुकला, तर तोंड देणारं एखादं झाड त्या गर्दीतच सापडतं.

संकरित वाण सरसकट वाईट, हेही मला पटत नाही. ते देशी वाणांच्याच जिवावर उभे आहेत. १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियात घडलेल्या 'स्कंक' वाणात अफगाण, मेक्सिकन आणि कोलंबियन रक्त होतं. 'हेझ'मध्ये थाई आणि दक्षिण भारतीय वाण मिसळले गेले असं सांगतात. दिव्यांखाली, बंद खोलीत, थोड्या जागेत लवकर तयार होणारं झाड हवं, म्हणून अफगाण बुटकेपणा आणि घाई सगळीकडे घुसली. देशी वाण सर्वांत कडक असतो हाही भ्रमच. संकरित वाणांच्या याच काळात अमेरिकेत जप्त केलेल्या गांज्यात टीएचसी हे नशेचं द्रव्य १९९५ साली सुमारे ४ टक्के होतं, ते २०१४ पर्यंत १२ टक्क्यांवर गेलं. मात्र 'देशी म्हणजे निरुपद्रवी' असा अर्थ यातून कुणी काढू नये. टीएचसी दोन्हींत असतं, आणि किशोरवयात किंवा रोजच्या वापरात त्याचा मेंदूवरचा परिणाम वाण विचारून होत नाही. मी वाणांची बाजू मांडतो आहे, नशेची नाही.

वाण पोलिसांच्या धाडींनी संपले, असं म्हटलं जातं. काही अंशी खरं. पण मोरोक्को पाहा. रिफमधला 'बेलदिया' वाण फेब्रुवारी-मार्चमध्ये पेरला जाई आणि बहुतांशी पावसाच्या पाण्यावर निभावे. तो बाजूला सारला बाजारानं. या शतकाच्या सुरुवातीपासून जास्त उतारा देणारी संकरित बियाणी आली, त्यांना उन्हाळ्यात भरपूर पाणी लागलं, विहिरी खोल गेल्या आणि बेलदिया काही मोजक्या उतारांवर उरला. २०२१ मध्ये मोरोक्कोनं औषधी व औद्योगिक लागवडीचा कायदा केला, आणि पुढे बेलदियालाही कायदेशीर लागवडीत जागा मिळाली. हिमाचलच्या पार्वती खोऱ्यातही परदेशी बी आलं, आणि वाऱ्यानं त्याचे पराग जवळच्या मलाणा गावाच्या शेतांपर्यंत नेले नसतील असं मानणं भाबडेपणाचं ठरेल.

बी फ्रीजमध्ये ठेवलं की झालं, हाही दिलासा अपुरा आहे. कोरड्या थंडीत हे बी बरीच वर्षं टिकतं, पण कधीतरी पेरून नवं करावंच लागतं. पाच-दहा झाडांवर ते केलं, की दुर्मीळ गुण काही पिढ्यांतच गळतात. युरोपातल्या तळघरात दिव्याखाली केलं, तर लवकर फुलणारी झाडंच पुढे सरकतात, आणि पाकिटावर केरळचं नाव राहूनही आत केरळ उरत नाही.

आपल्याकडे परवान्याविना लागवड हा १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायद्यानं गुन्हा आहे. उत्तराखंडनं २०१८ मध्ये धाग्यासाठी परवाने सुरू केले, तेही ०.३ टक्के टीएचसीच्या आत. त्या मापात गांज्याचा कोणताही जुना वाण बसणार नाही. पण त्याच कायद्यात वैद्यकीय आणि वैज्ञानिक कामाला वाट ठेवलेली आहे. इडुक्कीत किंवा मलाण्यात पथक झाडं उपटायला जातं, तेव्हा जाळण्याआधी शेकडो झाडांचं बी, जागेची नोंद घालून, एखाद्या परवानाधारक सरकारी संशोधन संस्थेकडे द्यावं. त्यासाठी नवा कायदा लागू नये; गृह आणि कृषी या दोन खात्यांनी एकत्र बसून कार्यपद्धती ठरवली तरी सुरुवात होईल.