टोपलीभर चिप्स फुकट, पण घेवड्यात डुकराची चरबी! अमेरिकेतल्या गल्लीतल्या मेक्सिकन हॉटेलात जेवायचं कसं?

बेळगाव : मुलगा किंवा मुलगी नोकरीनिमित्त अमेरिकेत आणि आई-वडील सहा महिन्यांसाठी त्यांच्याकडे, हे चित्र आता बेळगाव, खानापूर, निपाणीतल्या घरांनाही नवीन राहिलेलं नाही. पहिले काही दिवस घरच्या आमटी-भातावर निघतात. मग एखाद्या शनिवारी सून किंवा मुलगा म्हणतो, "चला, आज कोपऱ्यावरच्या मेक्सिकनमध्ये जाऊ. तुम्हाला आवडेल, आपल्यासारखंच असतं."

हे 'आपल्यासारखंच' अर्धं खरं आहे. पोळीसारखी तोर्तीया, घोटलेला घेवडा, लालसर भात, हिरवी मिरची, कोथिंबीर, लिंबू, जिऱ्याचा वास, सगळं ओळखीचं. उरलेल्या अर्ध्यात मात्र शाकाहारी माणसाची फसगत होऊ शकते, आणि बिलाच्या वेळी आकडा बघून धक्काही बसतो. म्हणून टेक्सासमधल्या साध्या, घरगुती वळणाच्या मेक्सिकन हॉटेलात काय घडतं आणि का घडतं, ते समजून घेतलेलं बरं.

बसल्या बसल्या टोपली

टेबलावर बसलं की ऑर्डर द्यायच्या आधीच मक्याच्या तळलेल्या कुरकुरीत चिप्सची टोपली आणि वाटीत साल्सा येतो. साल्सा म्हणजे टोमॅटो, कांदा, मिरची, कोथिंबीर यांची पातळ चटणी. टेक्सासमधल्या बहुतेक जुन्या हॉटेलांत याचे पैसे लागत नाहीत आणि टोपली संपली की दुसरी येते. आजकाल काही ठिकाणी पैसे लावतात, त्यामुळे आधी मेनू बघावा. नवखा माणूस या टोपलीवरच पोट भरतो आणि मुख्य ताट आलं की नुसता बघत बसतो. ताट मोठं असतं. एक ताट दोघांत घेतलं तरी कोणी नाक मुरडत नाही आणि उरलेलं डब्यात बांधून देतात.

मेनूवर बहुधा क्रमांक असलेली ताटं असतात : दोन एन्चिलादा, एक टाको, सोबत भात आणि घेवडा, अशी. आपल्याकडच्या राइस प्लेटचाच हा भाऊबंद. टाको म्हणजे दुमडलेल्या तोर्तीयात सारण. एन्चिलादा म्हणजे सारण भरून गुंडाळलेली तोर्तीया, वर मिरचीचा रस्सा आणि चीज. बुरितो म्हणजे मैद्याच्या मोठ्या तोर्तीयाची जाड गुंडाळी. केसादिया म्हणजे आत चीज घालून तव्यावर भाजलेली दुमडलेली तोर्तीया. फाहिता म्हणजे तडतडणाऱ्या तापल्या तव्यावर आलेले मांसाचे किंवा भाज्यांचे तुकडे, सिझलरसारखे. बाजूला तोर्तीया वेगळ्या येतात, जेवणाऱ्यानं स्वतःच भरून घ्यायच्या.

अक्षर एक, उच्चार दुसरा

मेनू इंग्रजी लिपीत असला तरी शब्द स्पॅनिश असतात. दोन नियम लक्षात ठेवले तरी निम्मं काम होतं. इंग्रजी 'जे' अक्षराचा उच्चार 'ह' होतो, आणि दोन 'एल' जोडून आले की मेक्सिकोच्या बोलीत त्याचा 'य' होतो. म्हणून फाहिता, हालापेन्यो, तोर्तीया, केसादिया.

हा नुसता उच्चाराचा प्रश्न नाही. मेनूवर 'पोयो' हा शब्द फार वेळा येतो. इंग्रजी अक्षरांवरून तो 'पोलो' किंवा 'पोल्लो' वाचला जातो आणि आपल्या माणसाला पोळी आठवते. पोयो म्हणजे कोंबडी. 'कार्ने' म्हणजे मांस, आणि नुसतं कार्ने म्हटलं की बहुतेक वेळा गोमांसच. 'पुएर्को' म्हणजे डुक्कर, 'पेस्कादो' म्हणजे मासा, 'केसो' म्हणजे चीज.

शाकाहारी ताटात लपलेलं काय?

खरी अडचण दिसणाऱ्या मांसाची नसते. दिसत नाही त्याची असते.

पहिला घेवडा. फ्रिहोलेस रेफ्रितोस म्हणजे शिजवून, घोटून, चरबीत परतलेला घेवडा. त्यात वापरतात तो पिंटो घेवडा अंगावरच्या ठिपक्यांमुळे आपल्या वाघ्या घेवड्यासारखा दिसतो, आणि वनस्पतीची जातही तीच. पण पारंपरिक पद्धतीत तो परतायला 'मांतेका' म्हणजे डुकराची चरबी वापरतात. अनेक हॉटेलांनी आता तेल वापरायला सुरुवात केली आहे, तरी विचारल्याशिवाय धरून चालू नये. 'चारो' नावाचा पातळ रश्श्यातला घेवडा असेल तर त्यात बहुधा डुकराचे तुकडेच असतात.

दुसरा भात. टोमॅटो घातलेला हा लालसर भात पुष्कळदा कोंबडीच्या सुपात शिजवतात. दिसायला तो आपला टोमॅटो भातच असतो.

तिसरा एन्चिलादावरचा रस्सा. आत फक्त चीज असलं तरी टेक्सास पद्धतीच्या लाल-तपकिरी रश्श्यात मांसाचा अर्क किंवा खिमा असू शकतो. चौथी मैद्याची तोर्तीया, तिच्यात कधी चरबीचं मोहन असतं. मक्याची तोर्तीया त्या मानानं निर्धोक, कारण मका, पाणी आणि चुना एवढंच तिच्यात लागतं. तामालच्या पिठातही चरबी असते. भरल्या मिरचीच्या 'चिले रेयेनो'ला फेटलेल्या अंड्याचं आवरण असतं.

त्यामुळे 'व्हेज आहे का?' एवढं विचारून भागत नाही. वाढपी 'हो' म्हणतो, कारण त्याच्या दृष्टीनं वर मांस नाही. एकेक जिन्नस विचारावा : घेवड्यात मांतेका आहे का? भात कोंबडीच्या सुपात शिजवलाय का? रश्श्यात मांस आहे का? चिप्स आणि मांसाचे पदार्थ एकाच कढईत तळता का? हे प्रश्न इंग्रजीत विचारले तरी चालतात. वाढप्याला खात्री नसेल तर तो आत जाऊन विचारून येतो, यात संकोच करण्यासारखं काही नाही. काळा घेवडा, भाज्यांचा फाहिता, मक्याची तोर्तीया आणि ग्वाकामोले हे चार जिन्नस विचारून घेतले तर शाकाहारी माणसाचं जेवण व्यवस्थित होतं. ग्वाकामोले म्हणजे अवाकाडो ठेचून त्यात कांदा, मिरची, कोथिंबीर, लिंबू.

गोमांस न खाणाऱ्यांनीही सावध राहावं. टाकोत काय हवं ते सांगितलं नाही तर या हॉटेलांत बहुधा गोमांसाचा खिमाच येतो.

पेयांत मात्र काळजी कमी. ओर्चाता हे तांदूळ आणि दालचिनीचं गोड पेय. हामाइका म्हणजे लाल अंबाडीच्या बोंडांचं सरबत. तामारिंदो म्हणजे चिंचेचं पन्हं. या नावाचं मूळ अरबी 'तमर हिंदी' म्हणजे 'हिंदुस्थानी खजूर' हे आहे.

तोर्तीया आणि भाकरी

मक्याचं पीठ मळून भाकरी थापायला गेलं तर ती कडेला फाटते, हे आपल्या बायकांना सांगायला नको. मग मक्याची तोर्तीया कागदासारखी पातळ असूनही दुमडते कशी? उत्तर चुन्यात आहे. मेक्सिकोत हजारो वर्षांपासून मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात उकळून रात्रभर भिजवतात, मग धुऊन वाटतात. चुन्यानं दाण्याचं टरफल सुटतं आणि पिठाला चिकटपणा येतो.

दुसरा फायदा जास्त मोठा. मक्यातलं ब-३ जीवनसत्त्व शरीराला सहजी मिळत नाही, चुन्यामुळे ते मोकळं होतं. युरोपीय लोकांनी मका नेला, पण ही कृती नेली नाही. मक्यावरच जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा हा आजार होऊ लागला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिण राज्यांत लाखो लोकांना तो झाला. शेजारच्या मेक्सिकोत तोर्तीया खाणारी माणसं मात्र त्यापासून बरीचशी वाचली. आपल्याकडे हैदराबादच्या पोषण संशोधकांनी, डॉ. सी. गोपालन यांनी, १९६० च्या सुमारास जवळजवळ फक्त ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांमध्ये हाच आजार नोंदवला होता. सोबत डाळ, दूध, शेंगदाणे का हवेत, ते यावरून कळतं.

मिरची, टोमॅटो, मका, घेवडा, पेरू, पपई, सीताफळ, चिकू हे सगळं अमेरिका खंडातून आलेलं. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतल्यानंतर त्यांच्या जहाजांतून यातलं बरंच इकडे उतरलं. चिकूचं नावसुद्धा मेक्सिकोतल्या नाहुआत्ल भाषेतल्या शब्दापर्यंत जातं. तेव्हा 'आपल्यासारखंच लागतं' याचं कारण त्यांनी आपलं घेतलं हे नाही. मिरची तिकडूनच आपल्याकडे आली.

मेक्सिकोचं की टेक्सासचं?

या हॉटेलांवर एक आरोप कायम होतो की हे खरं मेक्सिकन नव्हेच. पिवळं चीज, मैद्याची तोर्तीया, भरपूर जिरं, गोमांसाचा खिमा हे मेक्सिको सिटीच्या रोजच्या ताटात या रूपात दिसत नाही. १९७२ मध्ये डायना केनेडी यांचं मेक्सिकन पाककृतींचं पुस्तक निघालं, त्यानंतर 'खरं मेक्सिकन' आणि 'टेक्स-मेक्स' अशी वाटणी जास्तच पक्की झाली. टेक्स-मेक्स म्हणजे भेसळ, असा सूर लागला.

सीमाभागातल्या वाचकाला यातली गोम चटकन कळेल. टेक्सास आधी मेक्सिकोचा भाग होता. १८३६ मध्ये तो वेगळा झाला, १८४५ मध्ये अमेरिकेत गेला. पुढे युद्ध झालं आणि १८४८ च्या तहानं रिओ ग्रांदे नदी ही सीमा ठरली. सान अँटोनियोची मेक्सिकन कुटुंबं कुठेही गेली नव्हती. ती घरातच होती, सीमा त्यांच्या पलीकडे सरकली. १ नोव्हेंबर १९५६ नंतर बेळगावात राहिलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. दोन देशांतला प्रश्न आणि दोन राज्यांतला प्रश्न एक नव्हे, पण चुलीचं गणित दोन्हीकडे सारखंच. इथे एकच ज्वारीची भाकरी एका घरात भाकरी आणि शेजारच्या घरात रोट्टी असते, शेंगदाण्याची चटणी दोन्हीकडे तीच. तिला खोटी मराठी किंवा खोटी कानडी कोण म्हणेल?

सान अँटोनियोच्या चौकांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मेक्सिकन बायका रात्री मिरची-मांसाचा रस्सा विकायच्या. 'चिली क्वीन्स' म्हणून त्या प्रसिद्ध होत्या. पुढे आरोग्याच्या नियमांवर बोट ठेवून त्यांना हटवलं गेलं. नाचोसचा जन्मही सीमेवरचाच. १९४० च्या दशकात मेक्सिकोच्या पिएद्रास नेग्रास गावात नदीपलीकडच्या ईगल पासहून काही अमेरिकन बायका जेवायला आल्या. आचारी जागेवर नव्हता. इग्नासियो अनाया या कर्मचाऱ्यानं तळलेल्या तोर्तीयाच्या तुकड्यांवर चीज आणि हालापेन्यो घालून दिलं. इग्नासियोचं लाडाचं नाव 'नाचो', तेच पदार्थाला चिकटलं. फाहिताचं मांस हे गुरं राखणाऱ्या मजुरांच्या वाट्याला येणारं हलकं मांस होतं. ह्यूस्टनमध्ये १९७३ मध्ये निन्फा लॉरेन्झो या विधवा बाईनं आपल्या छोट्या हॉटेलात ते भाजून तोर्तीयात द्यायला सुरुवात केली आणि ते गाजलं.

मेक्सिकोच्या पारंपरिक पाककलेला २०१० मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत स्थान मिळालं. गल्लीतल्या हॉटेलाला तसला मान नाही, पण तीन-तीन पिढ्या ती चालवणारी कुटुंबं आहेत.

बिल आलं की

मेनूवरच्या किमतीत कर धरलेला नसतो. टेक्सासच्या बहुतेक मोठ्या शहरांत विक्रीकर ८.२५ टक्के पडतो. त्यावर टीप. समजा चौघांचं जेवण ६० डॉलरचं झालं. कर ४.९५ डॉलर. टीप २० टक्क्यांनी १२ डॉलर. एकूण ७६.९५ डॉलर. म्हणजे मेनूच्या किमतीवर साधारण २८ टक्के वाढ आधीच धरून चालावं.

टीप ऐच्छिक आहे, पण आपल्याकडच्यासारखी सुटे पैसे सोडण्याची गोष्ट नाही. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानं टीप मिळणाऱ्या कामगाराला मालकानं तासाला किमान २.१३ डॉलर रोख मजुरी द्यावी लागते. हा आकडा १९९१ पासून बदललेला नाही आणि टेक्सासमध्ये तोच लागू आहे. टीप धरून साध्या किमान वेतनाएवढी रक्कम भरली नाही तर फरक मालकानं द्यायचा, असा नियम आहे. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांत मात्र पूर्ण किमान वेतन द्यावंच लागतं. तेव्हा पुन्हा पुन्हा टोपली भरून देणाऱ्या आणि मांतेकाचं विचारायला आत जाणाऱ्या वाढप्याचं घर मुख्यतः टीपवर चालतं. १५ ते २० टक्के हा रिवाज आहे.

सहा किंवा जास्त माणसं असतील तर काही हॉटेलं टीप बिलातच लावतात. ते आधी तपासावं, नाही तर दोनदा दिली जाते. बऱ्याच ठिकाणी वाढपी कार्ड घेऊन आत जातो, ओटीपी येत नाही. मग पावतीवर टीप आणि एकूण रक्कम हातानं लिहून सही करायची असते. बेरीज नीट करावी आणि पावतीची आपली प्रत जपून ठेवावी. महिन्याच्या शेवटी कार्डाच्या हिशेबाशी ताळा घालायला ती लागते.