गोष्टीत ते कुठं आहे?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मुलांनी वाचावं, असं आपण सगळेच म्हणतो. आपल्या राज्यात २०१५ पासून १५ ऑक्टोबर हा डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस शाळाशाळांतून वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होऊ लागला. पुस्तकं मांडली जातात, मुलं रांगेत बसून वाचतात, पाहुणे दोन शब्द बोलतात. कविता लिहिणारा माणूस म्हणून कधी कधी मलाही बोलावणं येतं. मुलांनी गोष्ट वाचली की पाहुणे विचारतात, 'आवडली का?' मुलं एका सुरात म्हणतात, 'हो.' मग, 'तात्पर्य काय?' ते पाठच असतं. तेवढ्यात पाहुण्यांचा चहा येतो आणि कार्यक्रम संपतो.

श्रोतेहो, आज मला त्यापुढच्या एका प्रश्नाबद्दल बोलायचं आहे. मुलाला गोष्टीबद्दल काय वाटलं, ते गोष्टीतल्या कशावरून वाटलं आणि त्यावरून तसं कसं म्हणता येतं, हे त्याला नीट सांगता यावं म्हणून आपण काय करू शकतो?

२०१८ साली दहावीचं मराठीचं नवं पुस्तक आलं. त्यात 'स्वमत' नावाचा प्रश्न आहे. स्वमत म्हणजे स्वतःचं मत. कल्पना फार चांगली. पण पुष्कळ मुलं हे स्वतःचं मतसुद्धा बाजारात मिळणाऱ्या मार्गदर्शकातून पाठ करतात. मग एका वर्गातल्या पाचपन्नास मुलांचं स्वतःचं मत शब्दाला शब्द सारखं निघतं. यात मुलांना बोल लावून उपयोग नाही. 'कोण कोणास म्हणाले' आणि 'रिकाम्या जागा भरा' यातच ज्यांची बरीच वर्षं गेली, त्यांच्याकडे दहावीत आपण एकदम मत मागतो. ते आणणार कुठून?

मत सांगण्याचं काम तीन पायऱ्यांचं आहे. पहिली पायरी मत, दुसरी दाखला, तिसरी उलगडा. आमच्या ताडकळसच्या मुलांना हे समजावताना मी सोयाबीनचं उदाहरण देतो, कारण ते बहुतेकांच्या घरचं आहे. व्यापारी म्हणतो, 'माल ओला आहे.' हे झालं मत. शेतकरी विचारतो, 'कशावरून?' व्यापारी मूठभर दाणे यंत्रात टाकतो आणि यंत्र १४ टक्के ओलावा दाखवतं. हा झाला दाखला. पण नुसत्या १४ या आकड्यावरून काय समजायचं? हमीभावाच्या खरेदीत १२ टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो, असा नियम ठाऊक असला तर १४ म्हणजे जास्त, हे कळतं. हा उलगडा. पुढं गंमत अशी झाली, की २०२४-२५ च्या खरिपासाठी केंद्र सरकारनं १५ टक्क्यांपर्यंत ओलावा असलेलं सोयाबीन घ्यायला परवानगी दिली. यंत्रावरचा आकडा तोच १४, पण तोच माल आता खरेदीत बसू लागला. म्हणजे दाखला तोच राहिला आणि उलगडा बदलल्याबरोबर निकाल बदलला. मुलांना हे चटकन पटतं.

ही तीन पायऱ्यांची पद्धत बाहेरून आलेली आहे, असं कुणी समजू नये. मराठी गद्याच्या अगदी सुरुवातीच्या ग्रंथांपैकी एक म्हणजे तेराव्या शतकातला महानुभावांचा 'दृष्टान्तपाठ'. श्रीचक्रधरस्वामी लोकांना समजावताना छोट्या छोट्या गोष्टी सांगत. केशोबासांनी त्या एकत्र केल्या. मांडणी कशी, तर आधी सूत्र, म्हणजे सांगायचं ते एका वाक्यात. मग दृष्टान्त, म्हणजे गोष्ट. आणि त्यानंतर दार्ष्टान्तिक, म्हणजे ही गोष्ट त्या सूत्राला कशी लागू पडते याचं स्पष्टीकरण. गोष्ट सांगितली की अर्थ आपोआप कळेल, असं केशोबासांनी धरून चालवलं नाही. सातशे वर्षांपूर्वी त्यांनी जी तिसरी पायरी सोडली नाही, ती आपण आज वर्गात सोडतो.

आता प्रत्यक्ष वर्गात हे कसं चालतं ते सांगतो. तिसरी-चौथीची मुलं होती. गोष्ट निवडली सगळ्यांना ठाऊक असलेली, काऊ-चिऊची. कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं मेणाचं. मोठा पाऊस येतो, शेणाचं घर वाहून जातं, कावळा चिमणीचं दार वाजवतो. चिमणी त्याला थांबायला सांगते. आधी बाळाला न्हाऊ घालायचं असतं, मग अंगडं-टोपडं चढवायचं असतं, मग तीट लावायची असते.

मी विचारलं, 'चिमणी कशी वाटली?'

एक मुलगी लगेच म्हणाली, 'वाईट.'

'कशावरून?'

'तिनं दार उघडलं नाही.'

इथं बहुतेक वेळा आपण शाबास म्हणून पुढं जातो. मत आलं, दाखलाही आला. पण मी तिला म्हटलं, 'रात्री अनोळखी माणसानं कडी वाजवली तर तुझी आईही दार उघडत नाही. मग तीही वाईट का?' मुलगी थोडा वेळ गप्प बसली. मागून एक मुलगा घरच्या बोलीत म्हणाला, 'वो भीगरा था ना, सर.' मुलीला धागा सापडला. ती म्हणाली, 'कावळा अनोळखी नव्हता, शेजारचा होता. तो भिजत होता. तीट नंतर लावता आली असती. तीट थांबू शकत होती, कावळा थांबू शकत नव्हता.'

हा उलगडा. पहिलं वाक्य आणि हे वाक्य, यांत केवढं अंतर आहे पाहा. आणि तिला वाट दाखवणारा मुलगा आमच्या दखनीत बोलला होता. गोष्ट मराठीत असली तरी विचार ज्या बोलीत येतो त्या बोलीत तो आधी येऊ द्यावा. तोच मग प्रमाण मराठीत कसा म्हणायचा, ते पुढं शिकवता येतं. आधीच भाषा दुरुस्त करत बसलो तर मूल तोंडच उघडत नाही.

मग दुसरा मुलगा उठला. 'चिमणीचं बरोबर होतं. बाळाला न्हाऊ घालताना मधेच कसं उठणार? आणि घरात दुसरं कुणी नव्हतंच. गोष्टीत चिमणा कुठं आहे?' हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. गोष्टीत काय आहे, तसंच काय नाही, हाही दाखला होऊ शकतो. तिसऱ्यानं सांगितलं, 'कावळे पिल्लं खातात, म्हणून तिनं दार लावलं.' मी विचारलं, 'गोष्टीत ते कुठं आहे?' तो म्हणाला, 'गोष्टीत नाही, मी आमच्या झाडावर बघितलंय.' हा अनुभव खरा आहे आणि त्याची किंमतही आहे. पण तो गोष्टीबाहेरचा आहे, एवढं सांगून मगच तो मांडावा, असं आम्ही ठरवलं. या गोष्टीचा शेवट घरोघर वेगळा सांगतात, त्यामुळे आपण कोणती गोष्ट धरून बोलतो आहोत, तेही फळ्यावर लिहावं लागलं.

शेवटी त्या पहिल्या मुलीनं आपलं मत थोडं बदललं. ती म्हणाली, 'न्हाऊ घालेपर्यंत चिमणीचं बरोबर होतं. तीट लावायला बसली तिथं ती चुकली.' नऊ-दहा वर्षांच्या मुलीनं केलेला हा निवाडा मला फार मोलाचा वाटतो. पहिलं मत सोडताना तिला कुणी हरवलं नव्हतं. अधिक चांगला दाखला पुढं आला आणि तिनं तो मोजला, एवढंच.

मुलं दाखले देताना काही ठरावीक ठिकाणी अडखळतात. 'मला तसं वाटतं म्हणून' हा दाखला होत नाही, ते मतच पुन्हा सांगणं झालं. 'बाई म्हणाल्या' हाही दाखला नव्हे. काही मुलं दाखला म्हणून सगळी गोष्टच पुन्हा सांगतात. त्यांना विचारावं, 'यातलं नेमकं कोणतं वाक्य?' आणि काही मुलं एकच वाक्य धरून बसतात. त्यांच्यासाठी मी हत्तीची गोष्ट सांगतो. ही गोष्ट दृष्टान्तपाठात आहे. हत्तीचा पाय चाचपणाऱ्या आंधळ्याला हत्ती खांबासारखा वाटतो, कान चाचपणाऱ्याला सुपासारखा. त्याच तेराव्या शतकात मौलाना रूमींनी आपल्या मसनवीत अंधाऱ्या घरातला हत्ती आणला. तिथं माणसं डोळस आहेत, उजेड तेवढा नाही. दोन्हीकडे कुणीच खोटं बोलत नाही. प्रत्येकाच्या हातात खरा दाखला आहे, पण तो हत्तीच्या एका भागाचा. म्हणून मुलांना सांगावं, आपल्या मताच्या विरुद्ध जाणारं एखादं वाक्य गोष्टीत आहे का, तेही शोधा. सापडलं तर लपवू नका.

लिहायला शिकवताना सुरुवातीला एक साचा द्यायला हरकत नाही. 'मला वाटतं… कारण गोष्टीत असं आहे, की… त्यावरून असं दिसतं, की…' तीन वाक्यं पुरेत. सवय झाली की साचा आपोआप गळून पडतो. पण लिहिण्याआधी बोलणं हवं, आणि त्यासाठी पुस्तक लागतंच असंही नाही. ज्या आजीला अक्षर येत नाही तिला गोष्टी येतात. नातवानं काही मत दिलं की तिनं तीन प्रश्न विचारावेत. तुला काय वाटलं? गोष्टीत ते कुठं आहे? मग त्यावरून तसं कसं म्हणतोस?

शिक्षक मंडळी म्हणतात, एवढा वेळ कुठून आणायचा? पोर्शन संपवायचा असतो. अडचण खरी आहे. पण वर्षभरात सगळेच धडे असे शिकवावेत, असं माझं म्हणणं नाही. महिन्याला एक गोष्ट घ्यावी. पालकांची भीती वेगळी असते. मुलं आज चिमणीबद्दल 'कशावरून' विचारतील, उद्या आम्हालाच विचारतील. विचारतील, हे खरं. पण हा प्रश्न नीट शिकलेलं मूल तो स्वतःलाही विचारतं. 'कशावरून' म्हणणारं मूल उद्धट ठरत नाही. ते ऐकायला तयार असतं, म्हणून तर विचारतं.

या प्रश्नाची गरज शाळेबाहेर किती आहे, हे आपण पाहिलं आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा या गावी आठवडी बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावानं ठार मारलं. भिक्षा मागत फिरणारी माणसं ती. मुलं पळवणारी टोळी आली आहे, अशी अफवा त्या दिवसांत मोबाइलवरून फिरत होती. तीही एक गोष्टच होती. ती ऐकणाऱ्यांनी मत बनवलं, दाखला मागितला नाही, आणि अनोळखी वेश हाच उलगडा समजून घेतला. त्या गर्दीत चार माणसांनी जरी मोठ्यानं 'कशावरून?' विचारलं असतं तर काय झालं असतं, ते सांगता येणार नाही. पण ते विचारण्याची सवय चाळिसाव्या वर्षी, गर्दीत उभं असताना लागत नाही. ती लागते आठव्या-नवव्या वर्षी, ज्या वयात चुकलं तरी कुणाचं नुकसान होत नाही आणि भांडण फक्त एका चिमणीचं असतं.

तेव्हा यापुढं मुलांना गोष्ट सांगाल तेव्हा तात्पर्य सांगायची घाई करू नका. गोष्ट संपली की थोडं थांबा. मुलाला काय वाटलं ते विचारा आणि गोष्टीत ते कुठं आहे, तेही विचारा. मग तो उत्तर शोधेपर्यंत गप्प बसा. मोठ्या माणसांना यातलं गप्प बसणंच जड जातं, पण तेवढं जमवा.