पुसण्यापेक्षा झाकलेलं बरं

जुना फोटो स्कॅन करून संगणकावर घेतला, की बहुतेकांचा हात आधी खोडरबराकडे जातो. मागची पडकी भिंत नको, पुसा. कडेला अर्धवट आलेला कुणाचा तरी खांदा नको, पुसा. पडद्यावर फोटो स्वच्छ दिसू लागतो, आपण खूश होऊन फाइल सेव्ह करतो. महिन्याभरानं घरातलं एखादं वडीलधारं माणूस विचारतं, ‘तो खांदा अण्णांचा होता ना रे? कुठं गेला?’ तो आता त्या फाइलीत नसतो. फोटोशॉप असो की फुकट मिळणारं गिम्प, खोडरबरानं पुसून सेव्ह केलेलं चित्र फाइल बंद झाल्यावर परत येत नाही.

म्हणून फोटोदुरुस्ती शिकायला येणाऱ्यांना मी पहिल्याच दिवशी सांगतो, खोडरबर विसरा आणि लेयर मास्क शिका.

आता रेडिओवर चित्र काढून दाखवायची सोय नाही. तेव्हा दारातली रांगोळी डोळ्यांपुढं आणा. हातानं काढलेली नव्हे, छापाची. पत्र्याच्या छापाला जिथं भोक असतं तिथून रांगोळी खाली उतरते, भोक नसतं तिथं अडते. मास्क म्हणजे हा छाप. आणि लेयर म्हणजे एकावर एक ठेवलेली चित्रं. वरच्या चित्राला मास्क जोडला, की मास्कचा पांढरा भाग म्हणजे भोक आणि काळा भाग म्हणजे पत्रा. मास्कवर काळा ब्रश फिरवला, की वरच्या चित्राचा तेवढा भाग दिसेनासा होतो आणि खालचं चित्र दिसू लागतं. पांढरा फिरवला, की वरचं पुन्हा हजर. चित्राला कुठंच धक्का लागत नाही, बदलतो तो फक्त छाप.

पत्र्याच्या छापाला न जमणारी एक गोष्ट मात्र मास्कला जमते. तो राखाडीही असू शकतो. नेहमीच्या आठ बिटांच्या फाइलीत काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत २५६ छटा असतात, आणि जितका राखाडी गडद तितकं वरचं चित्र पुसट. केसांची कड, पदराची झिरझिरीत किनार अशा ठिकाणी या मधल्या छटाच उपयोगी पडतात. नाहीतर माणूस कात्रीनं कापून चिकटवल्यासारखा दिसतो. लग्नाच्या अल्बमांमधून असे कातरलेले नवरानवरी आपण पुष्कळ पाहिलेले आहेत.

ही युक्ती संगणकाच्या पोटी जन्मलेली नाही. १८५०च्या दशकातल्या काचांवरचा मसाला निळ्या प्रकाशाला फार संवेदनशील होता, त्यामुळं जमीन नीट आली की आकाश कोरं पांढरं पडे. फ्रान्समधल्या गुस्ताव्ह ल ग्रेनं समुद्राची एक आणि आकाशाची दुसरी अशा दोन निगेटिव्ह घेऊन त्या एकाच कागदावर छापल्या. एक छापताना दुसरीची जागा झाकायची, एवढंच. १८५७ मध्ये इंग्लंडमध्ये ऑस्कर रेलँडरनं तर तीसहून जास्त निगेटिव्ह जोडून एक मोठं चित्र उभं केलं. पुढं छापखान्यांत उजेडाच्या टेबलावर लाल पारदर्शक फिल्म ब्लेडनं कापून हेच काम होई. लाल का, तर छापखान्याच्या फिल्मला लाल प्रकाश दिसतच नाही, तिच्या लेखी तो काळाच. फोटोशॉपमध्ये मास्क चित्रावर पसरून पाहिला तर तो आजही लालसर दिसतो, तो या फिल्मचा वारसा. फोटोशॉप आलं १९९० मध्ये, आणि त्यात लेयर आले १९९४ मध्ये, तिसऱ्या आवृत्तीत.

प्रत्यक्ष काम असं करावं. मूळ स्कॅन सगळ्यांत खाली, त्याला हात लावायचा नाही. त्याची प्रत वरच्या लेयरवर घ्यायची, डाग, चिरा, बुरशी काय ती तिच्यावर साफ करायची आणि मग तिला मास्क जोडायचा. फोटोशॉपमध्ये मास्कच्या बटणावर ऑल्ट दाबून क्लिक केलं, तर मास्क पूर्ण काळा येतो, म्हणजे केलेली सगळी सफाई झाकली जाते. मग बारीक पांढऱ्या ब्रशनं, जिथं खरोखर डाग आहे तेवढीच सफाई उघडायची. मला हीच पद्धत पसंत आहे, कारण प्रत्येक ठिपक्यापाशी थांबून विचार करावा लागतो. नवशिक्यांनी एक पाहावं. लेयरच्या ओळीत दोन छोटी चित्रं असतात, फोटोचं आणि मास्कचं. चौकट मास्कभोवती आहे ना, याची खात्री करूनच ब्रश उचलावा, नाहीतर काळा फराटा थेट आजीच्या गालावर.

ठिपक्यापाशी थांबायचं ते कशासाठी? एक गृहस्थ आईचा फोटो घेऊन माझ्याकडे आले होते. तिचा तेवढा एकच फोटो, तोही दुसरीकडून ‘स्वच्छ’ करून आणलेला. बुरशीचे ठिपके गेले होते, आणि त्यांच्याबरोबर कपाळावरचं नि हनुवटीवरचं गोंदणही गेलं होतं. करणाऱ्याला तेही डागच वाटले असणार. मूळ फोटो मधल्या काळात गहाळ झालेला, हाती उरली ती एकाच थराची जेपीईजी फाइल. मावशीला विचारलं तर ती म्हणाली हनुवटीवर तीन ठिपके होते, कपाळावरचं तिला आठवेना. मी ठिपके काढून दिले असते, पण ते माझ्या हातचे झाले असते. गृहस्थ नको म्हणाले. खाली मूळ स्कॅन आणि वर मास्क असता, तर काळ्या ब्रशचे चार टिंब देऊन गोंदण अर्ध्या मिनिटात परत आलं असतं.

आता तर एका बटणासरशी धूसर चेहरा लख्ख करून देणारी साधनं निघाली आहेत. ती डोळे साफ करत नाहीत, नवे बनवतात. ते सुंदर असतात, पण आपल्या माणसाचे असतीलच असं नाही. वापरायचीच असतील तर त्यांचं चित्र वेगळ्या लेयरवर घ्यावं, मास्क लावून साडीचं, भिंतीचं काम त्यांना द्यावं आणि डोळे, ओठ, नाक मूळचंच ठेवावं.

फाइल जपताना जेपीईजी ही फक्त वाटायची प्रत समजावी. तिच्यात लेयर राहत नाहीत, मास्कही राहत नाही. फोटोशॉपची पीएसडी किंवा गिम्पची एक्ससीएफ फाइल वेगळी ठेवावी. आणि मास्क कचऱ्याच्या डबीत ओढलात तर फोटोशॉप विचारतं, काढण्याआधी तो लेयरवर लागू करू का? ‘अप्लाय’ म्हटलंत की झाकलेलं सगळं पुसलं जातं, म्हणजे पुन्हा खोडरबरच. तिथं ‘कॅन्सल’ नावाचंही एक बटण आहे.