न्यूक्लिओसाइड सदृश संयुगे : विषाणूरोधक औषधांची रचना, संश्लेषण आणि उपलब्धता

प्रस्तावना :
विषाणू यजमान पेशीच्या यंत्रणेवरच वाढतो. त्यामुळे पेशीला अपाय न करता विषाणूला रोखणे, ही औषधरचनेतील मूळ अडचण होय. न्यूक्लिओसाइड सदृश संयुगांनी ती कशी हाताळली आणि ही औषधे भारतीय रुग्णांपर्यंत कशी पोहोचली, याचे विवेचन प्रस्तुत लेखात झिडोव्ह्युडिनच्या आधारे केले आहे.

रचना व कार्य :
थायमिडिन हा डीएनएचा नैसर्गिक घटक आहे. त्याच्या शर्करेतील तिसऱ्या कार्बनवरील हायड्रॉक्सिल गटाला पुढील घटक जोडला जाऊन साखळी वाढते. या गटाच्या जागी अॅझाइड गट आणल्यास झिडोव्ह्युडिन तयार होते. पेशीतील विकरे त्याला क्रमाने तीन फॉस्फेट गट जोडतात. एचआयव्हीचे रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज हे विकर त्याला साखळीत घेते आणि साखळी तेथेच खुंटते.

संश्लेषण :
जेरोम हॉर्विट्झ यांनी १९६४ मध्ये कर्करोगासाठी तयार केलेले हे संयुग त्या कामी अपयशी ठरले; मात्र १९८७ मध्ये अमेरिकेत एड्सवरील पहिले औषध म्हणून त्यास मान्यता मिळाली. थायमिडिनपासून ते बनविताना पाचव्या कार्बनवरील हायड्रॉक्सिल गट ट्रायटिल गटाने संरक्षित करतात. अॅझाइड विरुद्ध बाजूने प्रवेश करीत असल्याने विन्यास उलटतो. म्हणून तिसऱ्या कार्बनवर दोनदा व्युत्क्रमण घडवून मूळ विन्यास राखतात.

उपलब्धता :
१९७० च्या पेटंट कायद्यानुसार भारतात औषधाला नव्हे, तर केवळ प्रक्रियेला पेटंट मिळत असे. त्यामुळे पर्यायी संश्लेषणमार्गांना वाव मिळाला. हैदराबाद येथे ए. व्ही. रामा राव यांच्या चमूने विकसित केलेल्या प्रक्रियेने मुंबईच्या सिप्ला कंपनीने १९९० च्या दशकात झिडोव्ह्युडिन बनविले. पाश्चात्त्य देशांत तीन औषधांच्या उपचाराचा वार्षिक खर्च दहा हजार डॉलरहून अधिक असताना, फेब्रुवारी २००१ मध्ये सिप्लाचे युसुफ हमीद यांनी स्टॅव्ह्युडिन, लॅमिव्ह्युडिन व नेव्हिरॅपिन यांचा उपचार एका आंतरराष्ट्रीय वैद्यकीय संस्थेस ३५० डॉलरमध्ये देऊ केला. यांपैकी पहिली दोन न्यूक्लिओसाइड सदृश आहेत. १ एप्रिल २००४ पासून भारतात शासकीय मोफत उपचार सुरू झाले.

मर्यादा :
स्टॅव्ह्युडिन पेशीतील तंतुकणिकांच्या डीएनए-निर्मितीतही अडथळा आणते. त्याच्या दुष्परिणामांमुळे २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याचा वापर टप्प्याटप्प्याने थांबविण्याची शिफारस केली. टेनोफोव्हिरमध्ये फॉस्फोनेट गट आधीच असल्याने फॉस्फेट जोडण्याची पहिली पायरी टळते.

समारोप :
२००५ च्या दुरुस्तीने भारतात औषधांनाही पेटंट मिळू लागले. परिणामी, नव्या औषधांसाठी केवळ पर्यायी संश्लेषणमार्ग शोधून भागत नाही. म्हणूनच यवतमाळसारख्या जिल्ह्यातील महाविद्यालयांतही हा विषय शिकविताना रचना, संश्लेषण आणि कायदा यांचा एकत्रित विचार व्हावा. रुग्णाच्या हाती औषध पडणे या तिन्हींवर अवलंबून असते.